बादली भरलेली, तरी झाड वाळतंय: नाताळच्या कापलेल्या झाडाचं नेहमीचं दुखणं

डिसेंबरची वीस तारीख जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. माणसं वेगळी, तक्रार एकच. "अंकल, परवा आणलं झाड आणि आज हात लावला की काड्या गळतात." "बादली काठोकाठ आहे हो, मग वाळतंय कसं?" साक्रीकडचा माझा जुना सहकारी तर नमस्कार-चमत्कार न करता थेट म्हणतो, "भाऊ, झाड वाळी गयं ना!"

मी भुसावळचा. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालो. आमच्या मंडळीच्या हॉलमध्ये नाताळचं झाड उभं करायचं काम वीसेक वर्षांपासून माझ्याकडे आहे. कुणी सोपवलं नव्हतं. एका वर्षी करवत फक्त माझ्याकडे होती, तेव्हापासून चिकटलं ते चिकटलं. सुरुवातीची पाच-सहा झाडं मी स्वतःच मारली, त्यामुळे खाली ज्या चुका सांगितल्यात त्यातल्या बऱ्याच माझ्याच हातच्या आहेत.

दरवर्षी प्रत्येकाला फोनवर तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. बहुतेक वेळा खोट पाण्यात नसते, बुडख्यात असते. झाडाचं कापलेलं तोंड बंद झालेलं असतं. एकदा ते बंद झालं की बादलीत तापी आणून ओतली तरी झाड पीत नाही.

झाड कोणतं आणलंय?

चित्रात दिसणारं फर किंवा स्प्रूस आपल्याकडे उगवत नाही. ती थंड मुलखातली झाडं. खानदेशात नाताळचं झाड म्हणून घरात येतो तो मुख्यतः सुरू. शेताच्या बांधावर वारा अडवायला लावलेल्या सुरूचा शेंडा नाहीतर एखादी डौलदार फांदी. काही जण मोरपंखी आणतात. आणि हल्ली नर्सरीत कुंडीतलं अरोकेरिया 'ख्रिसमस ट्री' याच नावाने मिळतं. त्या कुंडीवाल्याचं दुखणं अगदी वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

सुरू दिसतो पाइनच्या भावकीतला, पण तो त्या कुळातला नाही. तो फुलणारा वृक्ष आहे, आणि त्याच्या सुया या सुया नाहीतच. एक काडी तोडून डोळ्यांजवळ धरा. बोटाला पेरं असावीत तसे तिला सांधे दिसतील आणि प्रत्येक सांध्याभोवती दातांसारखी बारीक खवलं. ती खवलं म्हणजे सुरूची पानं. बाकी हिरवी काडी ही डहाळी आहे. सांध्यावर हलकं ओढलं की टचकन सुटते आणि परत खोचली की कुठून सुटली होती ते ओळखू येत नाही. आमची संडेस्कूलची पोरं "सांधा ओळख" म्हणून हा खेळ तासन्तास खेळतात. एका वर्षी झाडाखाली रोज सकाळी मूठभर काड्या पडायच्या आणि मी पाण्याला दोष देत बसलो होतो. झाड ठणठणीत होतं, गळती पोरांची होती.

ताजेपणा बघायची रीतही त्यामुळे वेगळी. फरची सुई वाकवून बघतात, ताजी असली तर लवते. सुरूची काडी ओढून बघायची. ताजी असेल तर किंचित ताण घेऊन सुटते आणि सुटलेलं टोक ओलसर लागतं. वाळायला लागलेली नुसत्या स्पर्शाने सुटते, रंग हिरव्याचा राखाडी होतो आणि चुरगाळली की कुरकुर वाजते.

आणि तोडण्याबद्दल एक. नगरपालिका, महानगरपालिकेच्या हद्दीत झाडांसाठी 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. रस्त्यावरच्या किंवा बागेतल्या सुरूला रात्री कोयता लावायचा विचार असेल तर तो सोडा. मी ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरची फांदी, त्याने छाटणी काढली की घेतो.

आधी रेघ मारा

इलाजाच्या आधी निदान. संध्याकाळी बादली भरली की पाण्याच्या पातळीशी मार्करने एक रेघ मारा. शेजारी एखादं रुंद पातेलं पाण्याने भरून ठेवा, त्यालाही आतून रेघ. सकाळी दोन्ही बघा. पातेल्यातलं पाणी जेमतेम हललेलं असेल. बादलीतलंही तेवढंच उतरलं असेल तर समजा की ते हवेने नेलं, झाडाने एक घोटही घेतला नाही.

किती उतरायला हवं? परदेशात सूचिपर्णी झाडांसाठी जो ठोकताळा वापरतात तो असा: बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचाला दिवसाला साधारण 1 लिटर. मनगटाएवढा 2 इंची बुंधा असला तर 2 लिटर, 4 इंची असला तर 4. पहिल्या दिवशी याहून जास्तही पितं, नंतर कमी होत जातं. सुरूसाठी वेगळा आकडा मी कधी ऐकला नाही, मी हाच धरतो आणि तो फारसा चुकत नाही.

आता रेघ काय म्हणते त्यावर पुढचं. पाणी हललंच नसेल तर बुडखा बंद आहे. पाणी भरपूर उतरतंय तरीही झाड सुकतंय, तर ते जितकं पितंय त्याहून जास्त गमावतंय. म्हणजे जागा चुकली. आणि सकाळी बादलीचा तळच दिसला तर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

बुडखा

झाड पाणी ढकलून वर चढवत नाही, ते ओढतं. पानांतून वाफ उडते, त्या ओढीने मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची सलग दोरी वर सरकत असते. झाड तोडलं तरी पानांची ओढ थांबत नाही. फक्त खाली आता मूळ नसतं, उघडं तोंड असतं, आणि त्यातून पाण्याच्या जागी हवा आत शिरते. विहिरीवरच्या मोटरने हवा धरली की काय होतं ते आपल्याकडे शेतातल्या पोराला विचारा. मोटर फिरते, आवाज येतो, पाणी येत नाही. बुडख्याने हवा धरली की अगदी तसंच.

पाइन, फर यांच्यात भर म्हणून राळ येते आणि कापलेल्या तोंडावर पापुद्रा धरते. सुरूला तशी राळ नाही, पण त्याच्या लाकडात पाण्याच्या सलग नळ्या असतात. फरच्या लाकडात लहान लहान बंद पेशी असतात, हवा फार आत जात नाही. सुरूत ती जास्त खोल जाऊ शकते. म्हणून फर, स्प्रूसला तळाशी अर्धा ते एक इंचाचा ताजा काप पुरतो असं सांगतात, मी सुरूला दोन इंच कापतो. कुणी म्हणेल उगाच उंची घालवली. घालवा.

काप दिल्यावर किती वेळात पाण्यात टेकवायचं? सहा ते आठ तास ही बाहेरची मर्यादा म्हणून सांगतात. माझा हिशेब सोपा आहे: करवत खाली ठेवण्याआधी बादली भरलेली पाहिजे. शेतात सकाळी तोडलं, टेम्पोच्या टपावर टाकून रावेर रस्त्याने वारा खात दुपारी घरी आणलं, संध्याकाळी मुलं आल्यावर उभं केलं, तर तो सकाळचा काप मेला. घरी आणल्यावर नवा काप द्यायचाच. आणताना झाड ओल्या बारदानात गुंडाळलं तर वाऱ्याचं नुकसान निम्म्याने टळतं. आल्याबरोबर एक रात्र ओसरीत सावलीला पाण्यात उभं ठेवा, सजावट दुसऱ्या दिवशी.

काप करवतीने द्या, कोयत्याने नाही. कोयत्याचा घाव तिरका बसतो, लाकूड चेंबतं आणि चेंबलेल्या तोंडातून पाणी कमी चढतं. सुरूचं लाकूड टणक आहे, बोथट करवत घेऊन बसलात तर घाम निघेल, आधी दात लावून घ्या. काप आडवा, सरळ. गुलाबाच्या दांड्याला तिरका काप देतात म्हणून काही जण झाडालाही देतात. त्याने पाणी जास्त चढत नाही, उलट झाड बादलीत हलतं आणि तिरक्या टोकाचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो.

आता माझी फजिती. एका वर्षी मी मोठ्या हौसेने लोखंडी पाइपचं स्टँड वेल्ड करून घेतलं. खाली चौकट, मधे पाइपचा तुकडा, त्यात पाणी राहील असा तळ. फिटरचं काम, मापात चोख. पण त्या वर्षी मिळालेला बुडखा पाइपपेक्षा सुताएवढा जाड निघाला. मी पटाशी घेतली आणि चारी बाजूंनी साल आणि खालचं थोडं लाकूड तासून बुडखा गोल गुळगुळीत केला. पाइपमध्ये असा बसला की बघणाऱ्याने वाहवा करावी. पाळकांनी केलीही. तिसऱ्या दिवशी रात्री गाण्याचा सराव चालू असताना झाडाखालच्या गव्हाणीवर काड्यांचा पाऊस. पाइपमध्ये काठी घालून बघितलं, पाणी होतं तसंच.

मग कळलं. झाडातलं पाणी बुंध्याच्या मध्यातून फारसं चढत नाही. मधलं लाकूड जुनं, बरंचसं निकामी. पाणी चढतं ते सालीच्या लगेच आतल्या ताज्या लाकडातून. मी नेमकं तेच तासून काढलं होतं. तेव्हापासून नियम: बुडखा स्टँडला बसत नसेल तर स्टँड बदला, बुडख्याला हात लावू नका. याच कारणाने बुडख्याच्या मधोमध ड्रिलने भोक पाडण्याचाही उपयोग नाही. भोक पाडलं म्हणून एक थेंब जास्त चढत नाही.

टेबलावर ठेवायची लहान फांदी असेल तर आणखी एक करता येतं. टबात पाणी घ्या, फांदीचं टोक पाण्याखाली धरा आणि छाटणीच्या कात्रीने पाण्याखालीच कापा. हवेला शिरायला वावच मिळत नाही. मोठ्या झाडाला हे जमत नाही, एकदा मी अंगणातल्या हौदात प्रयत्न केला आणि बायकोने दोन दिवस त्या हौदाचं पाणी वापरलं नाही.

बादली, माती आणि गोटे

आपल्याकडे स्टँड कुणी विकत घेत नाही. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा किंवा रंगाची रिकामी बादली, त्यात झाड उभं करून माती ठोकून भरायची आणि वरून तांब्याभर पाणी. झाड घट्ट उभं राहतं यात शंका नाही. पण मातीचा गाळ बुडख्याच्या तोंडावर बसतो आणि पाण्याची पातळी दिसत नाही. वरची माती ओली दिसते, खाली काय चाललंय कुणाला ठाऊक. बारीक वाळूचंही तेच.

गोटे वापरा. लिंबाएवढे, धुतलेले. तळाशी दोन चपटे दगड ठेवून त्यावर बुडखा टेकवा म्हणजे तोंडाखाली पाणी खेळतं राहतं. मग चारी बाजूंनी गोटे ठासून भरा. झाड सरळ आहे का ते ओळंब्याने बघा, नुसत्या डोळ्याने बघितलं की प्रत्येकाला वेगळीकडे कललेलं दिसतं आणि भांडणं होतात.

गोट्यांचा एक तोटा लक्षात ठेवा. पंधरा लिटरच्या बादलीत गोटे ठासले की पाण्याला जागा निम्म्याहून कमी उरते, पाच-सहा लिटर धरा. 3 इंची झाड ते पावणेदोन दिवसांत संपवेल. म्हणजे रोज बघायचं. काठाशी पाइपचा एक उभा तुकडा गोट्यांमध्ये खोचून ठेवा, त्यात काडी घातली की पातळी कळते आणि त्यातूनच पाणी ओतताही येतं. वर लाल कापड, चमकी काय गुंडाळायचं ते गुंडाळा, पण पाइपचं तोंड मोकळं.

ऊन, पंखा, कपाशीचा बर्फ

डिसेंबरात आपल्याकडे रात्री गारठा आणि दुपारी अंगावर येणारं ऊन, दोन्ही एकाच दिवसात. पारा पहाटे दहा-बाराच्या घरात आणि दुपारी तीसच्या आसपास, त्यात हवा कोरडी. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात खूप आतपर्यंत येतं. मे महिन्यात ज्या कोपऱ्यात ऊन कधी दिसत नाही तिथे नाताळात दुपारभर पट्टा पडतो. झाड कुठे ठेवायचं ते संध्याकाळी ठरवू नका, दुपारी एक वाजता खोलीत उभं राहून ठरवा.

छताच्या पंख्याखाली नको. फ्रिजच्या मागच्या बाजूशी नको, तिथे सतत गरम वारा असतो. स्वयंपाकघराच्या दाराशी नको. हॉलमध्ये दोनशे माणसं बसली की पंखे लागतातच, मग झाड व्यासपीठाच्या ज्या बाजूचा पंखा बंद ठेवता येतो तिकडे.

लायटिंग एलईडीचीच. जुन्या छोट्या बल्बांच्या माळा तापतात आणि त्या तापाने भोवतालच्या काड्या आधी सुकतात. सुकलेल्या झाडावर तर त्या घातकच. एक्स्टेंशन बोर्ड बादलीशेजारी जमिनीवर ठेवलेला मी एवढ्या घरांत बघितलाय की सांगतो: बोर्ड भिंतीवर टांगा, माळेचे टेप लावलेले जोड वरच्या बाजूला ठेवा. पाणी ओतताना स्विच बंद.

बर्फाचं बोलायचं तर खानदेशात बर्फ बोंडातून येतो. घरोघरी कपाशी, मग झाडावर कापसाचे पुंजके पसरायचे ही आमची जुनी पद्धत. दिसतं सुरेख. पण भरिताची वांगी भाजायला वाळलेली पऱ्हाटी पेटवलेली तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे. काडी लावायची खोटी, भडका छातीएवढा. वाळलेलं सुरू आणि त्यावर कापूस म्हणजे घरात उभी केलेली पऱ्हाटीच. अमेरिकेत आगीच्या प्रयोगांमध्ये वाळलेलं झाड मिनिटाभरात पूर्ण पेटलेलं दाखवलंय, तर पाणी पिणारं झाड सहजी पेट घेत नाही. कापूस लावायचाच तर खाली गव्हाणीच्या छपरावर लावा, माळेपासून लांब. मेणबत्त्या झाडावर अजिबात नकोत, मग आजी-आजोबांच्या काळी काय होतं ते कितीही सांगितलं तरी.

पाण्यात काय टाकायचं

काही नाही. साधं पाणी. गरम नको, बर्फाचं नको, विशेष काही नको. नळाचं चालतं, ज्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर धरतो ते फक्त मी टाळतो.

लोक काय काय टाकतात त्याची यादी करायची तर पान भरेल: साखर, मीठ, डोकेदुखीची गोळी, कोल्ड्रिंक, तांब्याचा पैसा. माझा मेहुणा केळीवाला, त्याने एकदा "जोर येईल" म्हणून ठिबकमधून सोडतात ते विद्राव्य खत अर्धी मूठ टाकलं. अरे, खत मुळांनी घ्यायचं, इथे मूळ कुठे आहे? वरून खारट झालेलं पाणी झाडाला ओढायला आणखी जड. साखरेने फार काय होतं तर पाणी लवकर बुळबुळीत होतं, आणि तो बुळबुळीतपणाच कापलेलं तोंड बुजवतो. बादली मात्र झाड ठेवण्याआधी साबणाने घासून, भरपूर पाण्याने धुऊन घ्या. मागच्या वर्षीची शेवाळलेली बादली तशीच वापरणं हे साखर टाकण्याइतकंच वाईट.

काड्यांवर रोज पाण्याचा फवारा मारतात काही जण. त्याने झाड प्यायला लागत नाही, आणि माळ लावलेली असेल तर मारूच नका.

डास

आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा, असं आरोग्यसेविका दारोदार सांगत असतात आणि बरोबर सांगतात. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. नेमकी आपली बादली पंधरा दिवस भरलेली. एका वर्षी आरोग्यसेविकेने हॉलमध्ये येऊन बादलीत टॉर्च मारला आणि मला वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. लाज वाटली.

बादली ओतून रिकामी केली तर बुडखा हवा धरणार, नाही केली तर डास. यावर तोड अशी: पहिल्या दिवशीच बादलीच्या तोंडावर जुन्या सुती साडीचा तुकडा, बुंध्याभोवती घट्ट आणि काठाला सुतळीने आवळून. उभ्या पाइपच्या तोंडालाही फडक्याची गुंडी. शिवाय दर पाच दिवसांनी गवंड्याची लेव्हलची नळी घालून पाणी उपसा, पण बुडख्याचं तोंड बुडालेलं राहील एवढं ठेवून, आणि लगेच ताजं भरा. असं दोनदा केलं की जुनं पाणी जवळपास निघून जातं. पाण्यावर तेल सोडायचा उपाय इथे करू नका, कधी पातळी उतरली तर तेल नेमकं बुडख्यालाच माखतं.

मध्येच पाणी संपलं तर

हे होतंच. नळाला रोज पाणी येत नाही, किंवा एका लग्नाला अमळनेरला गेलात आणि दोन दिवस राहिलात. परत आल्यावर पातळी बुडख्याच्या खाली. माणूस काय करतो, धावत जाऊन बादली भरतो आणि सुटकेचा श्वास घेतो. पण एव्हाना तोंडाने हवा धरलेली असते. वरून भरलेलं पाणी नुसतं दिसायला.

तास-दोन तासच झाले असतील तर भरा, रेघ मारा आणि बारा तास वाट बघा. उतरलं तर वाचलात. नाही उतरलं, किंवा रात्रभर कोरडं होतं, तर नवा काप देण्यावाचून इलाज नाही. सजवलेलं झाड परत कापायचं म्हटलं की घरातले सगळे चिडतात, तरी ते दिसतं तितकं अवघड नाही. आधी प्लग काढा. खालच्या दोन थरांतले गोळे, घंटा उतरवा, वरचे राहू द्या. दोघांनी झाड उचलून बाजेवर आडवं करा, बुडखा बाजेच्या बाहेर येऊ द्या. एकाने धरायचं, दुसऱ्याने दोन इंच कापायचं, तिसऱ्याने धुतलेली बादली भरून तयार ठेवायची. सगळं मिळून वीस मिनिटं. शेंड्यावरचा तारा मात्र काढून ठेवा. आमचा दोनदा फुटलाय, दोन्ही वेळा "राहू दे रे, काय होतंय" म्हणणारा माणूस एकच होता आणि तो मी नव्हतो.

नव्या कापानंतरही बारा तासांत रेघ हलली नाही तर झाड गेलं असं समजा. मग त्याच्यावर माळा ठेवू नका, उतरवा.

सगळं नीट केलं तर किती टिकतं? सुरू माझ्याकडे दहा-बारा दिवस चांगला राहतो, म्हणून मी 20 तारखेच्या आत आणत नाही आणि नव्या वर्षाच्या उपासनेनंतर ठेवत नाही. मोरपंखी याहून जास्त तग धरते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारीच झाड हवं असा ज्यांचा हट्ट असतो त्यांनी कापलेल्याच्या नादी लागू नये, कुंडी आणावी.

कुंडीवाल्यांसाठी

कुंडीतल्या अरोकेरियाला मुळं आहेत, त्याला वरचं काहीही लागू नाही, आणि ते मरतं ते बहुतेक उलट कारणाने. हा लेख वाचून कुणी कुंडीखालची ताटली काठोकाठ भरून ठेवली तर मुळं कुजतील. वरची मातीची बोटभर जाडी कोरडी लागली की पाणी द्या, ताटलीत उतरलेलं ओतून टाका. उजेड भरपूर लागतो, दुपारचं थेट ऊन नको. आठवड्याने कुंडी अर्धी फिरवा, नाहीतर खिडकीकडे झुकतं.

त्याच्या खालच्या फांद्या वाळल्या तर त्या जागी नवीन येत नाहीत, झाड खालून कायमचं उघडं पडतं. म्हणून जड गोळे, घंटा खालच्या फांद्यांना टांगू नका आणि चमकीचा रंग तर अजिबात फवारू नका. नाताळ झाला की लगेच गच्चीवर भर उन्हात नेऊन ठेवू नका, आठवडाभर ओसरीत, मग बाहेर.

कापलेल्या सुरूचं पुढे काय करायचं तेही लोक विचारतात. लाकूड जळणाला उत्तम, शेकोटीसाठी अंगणात ठेवा. काड्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरा, त्या कुजायला वेळ लागतो पण ओल धरून ठेवतात. बुडख्याचा कापलेला दोन इंची तुकडा मी टाकत नाही. पोरं त्याच्यावर साल लिहितात आणि पुढच्या वर्षी गोळ्यांसोबत टांगतात. पटाशीने तासलेला तो बुडखाही त्यातच आहे, कुणीतरी मागून त्यावर माझं नाव लिहिलंय.